वादळातल्या दुसऱ्या होड्या



रविवारची मिस्सा आटोपून आपण चर्चच्या आवारात एकमेकांना भेटतो, तेव्हा बोलण्याची सुरुवात कशाने होते? बहुतेक वेळा हवामानाने. "काय हा उकाडा!" "आज परत आभाळ भरून आलंय." "सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, माणसानं करायचं तरी काय?" प्रकृतीची विचारपूस नंतर होते, आधी उन्हापावसाची होते. त्यात काही चूक नाही. आपण वाडीत राबणाऱ्यांची आणि समुद्रावर जगणाऱ्यांची लेकरे आहोत. आपल्या वाडवडिलांचे पोट आभाळावरच अवलंबून होते.

त्यांच्या काळी ऋतूंचे वेळापत्रक जवळजवळ ठरलेले असे. मे महिन्यात आगोटीची धांदल उडायची. लाकूडफाटा घरात घ्यायचा, मसाले कुटायचे, मीठ आणि सुकी मासळी भरून ठेवायची, छप्पर शाकारायचे. जूनचा पहिला आठवडा उलटला की पाऊस यायचा. ऑक्टोबरच्या उन्हात भात कापून सुकायचे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला शाल घेतल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नसे.

आता हे वेळापत्रक पार विस्कटले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये आगमनकाळ नुकताच सुरू झाला होता. नाताळची गाणी बसवायला मुले छत्र्या घेऊन आली, कारण ओखी वादळाचा पाऊस आपल्याकडे कोसळत होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये कापलेले भात शेतातच भिजले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आपल्या केळीच्या बागा आडव्या केल्या आणि अनेक गावे अंधारात बुडाली. त्याच वर्षी १ डिसेंबरला दिवसभर पाऊस लागला. मे २०२५ मध्ये तर मान्सून २६ तारखेलाच मुंबईत येऊन ठेपला. एरवी त्याची तारीख ११ जून मानली जाते. हवामान खात्याच्या नोंदी १९५० पासूनच्या आहेत, त्यांत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. त्याआधीही तो सगळा महिना वळवाच्या सरींनी भिजलेलाच होता.

त्या मे महिन्यातील एक गोष्ट आज आम्हांला आपल्याला सांगायची आहे. ती आमच्या चुकीची गोष्ट आहे.

आमचे आभार आणि तिचे बोंबील

एप्रिल अखेरीस उकाड्याने सारेच हैराण झाले होते. मिस्सेच्या वेळी पंखे फिरत होते, पण घामाच्या धारा थांबत नव्हत्या. मग पाऊस आला, हवा गार झाली. त्या रविवारी प्रवचनाच्या सुरुवातीला आम्ही मोठ्या उत्साहाने म्हणालो, "परमेश्वराने आपल्यावर कृपा केली आहे. या गारव्याबद्दल आपण त्याचे आभार मानू या." लोकांनी माना डोलावल्या. आम्हांलाही वाटले, सुरुवात छान झाली.

मिस्सा संपल्यावर एक वयस्कर बाई थांबल्या. सुकी मासळी विकून घर चालवणाऱ्या. रागावलेल्या मुळीच नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या, "फादर, तुम्हाला गारवा मिळाला, बरं झालं. पण माझ्या चार पाट्या बोंबील कुजले हो. आगोटीला विकायचे होते. त्याचेही आभार मानू का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवशी त्यांना आम्ही काही शास्त्रवचन ऐकवले नाही, हे एक बरे केले. पण ते वाक्य मनातून गेले नाही. बोंबील सुकवायला कडक ऊन लागते. किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या बांधून त्यावर ते टांगायचे, दोन-तीन दिवस चांगले ऊन मिळाले तर माल तयार. मध्येच पाऊस आला तर तो नासतो, त्याला वास येतो आणि खत म्हणूनच विकावा लागतो. १ जूनपासून मासेमारी बंद होते. म्हणजे मे महिन्यात जे हाती लागेल त्यावर पुढचे दोन महिने काढायचे असतात. त्या बाईंचे दोन महिने त्या चार पाट्यांत होते. आणि ज्या सरीने ते वाहून नेले, तिच्याबद्दल आम्ही वेदीजवळ उभे राहून आभार मानले होते.

देवाचे आभार मानणे चुकीचे नव्हते. चूक वेगळीच होती. आपल्या अंगाला गार वाटले म्हणजे साऱ्या धर्मग्रामाला गार वाटले, असे आम्ही धरून चाललो.

त्या रात्री सरोवरावर कोण कोण होते?

मार्कच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायात वादळ शमवल्याची घटना आपण अनेकदा ऐकली आहे. गालीलचे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर खाली, खोलगट भागात आहे. भोवती डोंगर आहेत. डोंगरावरचा गार वारा खालच्या उबदार पाण्यावर एकाएकी उतरतो आणि पाहता पाहता लाटा उसळतात. त्या शिष्यांपैकी काही जण जन्माचे कोळी होते. त्यांना ते पाणी ठाऊक होते, तरी ते घाबरले. प्रभू येशू मात्र होडीच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपला होता. त्यांनी त्याला उठवले. आपण बुडत आहोत, याची गुरुजींना काहीच काळजी नाही का, असा त्यांचा सूर होता.

ही घटना सांगताना संत मार्क एक बारीकशी नोंद करतो. ती आपल्या कानावरून निघून जाते. तो सांगतो की येशूच्या होडीबरोबर आणखीही होड्या होत्या. मत्तय आणि लूक हे दोघे हीच घटना सांगतात, पण या होड्यांचा उल्लेख करीत नाहीत. त्या होड्यांत कोण होते, आपल्याला माहीत नाही. त्यांच्यात येशू नव्हता. उठवायला कोणी नव्हते. त्यांच्यावरही त्याच लाटा आदळत होत्या. शिष्यांचे ओरडणे आपल्यापर्यंत पोहोचले आहे, त्या होड्यांमधले ओरडणे पोहोचलेले नाही.

शिष्य आपल्या होडीसाठी ओरडले. ते स्वाभाविकच होते. पण प्रभूने वाऱ्याला दटावले तेव्हा वारा केवळ एका होडीपुरता थांबला नाही. सारे सरोवर निवांत झाले. त्या दुसऱ्या होड्याही वाचल्या. शिष्यांची प्रार्थना एका होडीची होती आणि प्रभूचे उत्तर साऱ्या सरोवराला पुरले.

हवामान पालटले की आपण कसे वागतो, याचा विचार करताना आम्हांला ह्या दुसऱ्या होड्या आठवतात. ओखी वादळाच्या वेळी आपल्याकडे काय झाले? शाळांना सुटी मिळाली, दोन दिवस कपडे वाळले नाहीत. त्याच वादळात केरळ आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून समुद्रात गेलेले शेकडो मच्छीमार दगावले किंवा बेपत्ता झाले. त्यांत पुष्कळ जण आपल्यासारख्याच कॅथलिक धर्मग्रामांतील होते. त्यांच्या घरी त्या वर्षीचा नाताळ कसा गेला असेल? वादळ एकच, पण एका होडीत सुटीचा आनंद आणि दुसऱ्या होडीत आकांत.

आपल्या तीन सवयी

हवामान अचानक बदलले की आपल्या मनात साधारणपणे तीन गोष्टी येतात. त्या आपण प्रामाणिकपणे तपासून पाहू या.

पहिली सवय कुरकुर करण्याची. लग्नाच्या मांडवावर पाऊस पडला की तो अवकाळी असतो, आणि तोच पाऊस आपली विहीर भरतो तेव्हा देवाची कृपा असते. आपल्या कार्यक्रमाच्या मापाने आपण आभाळ मोजतो. उपदेशकाच्या पुस्तकातील अकराव्या अध्यायात अशा माणसाबद्दल एक शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे. जो नुसता वाऱ्याकडे बघत बसतो त्याची पेरणी राहून जाते आणि जो ढगांकडे बघत बसतो त्याची कापणी होत नाही. कुरकुर करण्यात हात अडकले की कामाला हात उरत नाहीत. शेजाऱ्याच्या मदतीला तर नाहीच नाही.

दुसरी सवय दोष देण्याची. पूर आला, वादळ आले की लगेच कोणीतरी म्हणते, "हा देवाचा कोप आहे, अमक्या गावात पाप वाढले म्हणून हे झाले." जुन्या करारात शमुवेल संदेष्ट्याची अशीच एक गोष्ट आहे खरी. गव्हाच्या कापणीच्या दिवसांत त्या देशात पाऊस पडत नाही. तेव्हा शमुवेलने प्रार्थना केली, गडगडाट होऊन पाऊस पडला आणि लोकांना आपली चूक कळली. पण नीट वाचले तर दिसते की, त्याच अध्यायात लोक घाबरून त्याच्याकडे गेले, तेव्हा शमुवेलने त्यांना धीर दिला आणि आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करणे कधीच थांबवणार नाही, असे वचन दिले. बोट दाखवून तो निघून गेला नाही. आणि प्रभू येशूने तर हा प्रश्न कायमचाच निकालात काढला. शिलोहचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते यरुशलेममधील इतरांपेक्षा जास्त पापी होते काय? मुळीच नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. मात्र त्याच दमात त्याने ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगितले. म्हणजे दुसऱ्याच्या आपत्तीवरून त्याचे पाप मोजायचे नाही, आपले मन तपासायचे.

तिसरी सवय विसरण्याची. पाणी ओसरते, ऊन पडते, आणि आपण आपापल्या कामाला लागतो. ज्यांची भरपाई व्हायची आहे ते मागे राहतात. ही सवय सर्वांत वाईट, कारण ती कोणाला दिसत नाही.

आभाळ वाचता येते, मग काळ का वाचता येत नाही?

लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू हवामानावरच बोलतो. पश्चिमेकडून ढग वर येताना पाहिला की लोक म्हणतात पाऊस येणार, आणि तो येतो. दक्षिणेचा वारा सुटला की म्हणतात उकाडा होणार, आणि तो होतो. पॅलेस्टाईनच्या पश्चिमेला भूमध्य समुद्र आहे आणि दक्षिणेला वाळवंट. आपल्यालाही हे सहज समजते, कारण आपल्या पश्चिमेलाही समुद्रच आहे आणि पावसाचे ढग आपणही तिकडेच शोधतो. पुढे प्रभू विचारतो, पृथ्वीचे आणि आकाशाचे रूप तुम्हांला ओळखता येते, मग हा काळ ओळखता कसा येत नाही?

आज आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर पुढच्या दहा दिवसांचे हवामान दिसते. आभाळ वाचण्यात आपण त्या लोकांच्या कितीतरी पुढे गेलो आहोत. पण काळ वाचायला शिकलो काय?

काळ काय सांगतो? शास्त्रज्ञ सांगतात की हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो. अरबी समुद्र तापला आहे आणि त्यात पूर्वीपेक्षा जास्त जोराची वादळे उठू लागली आहेत. कोळसा आणि तेल जाळून माणसाने हवा तापवली आहे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात हेच निक्षून सांगितले की, पृथ्वीचा आक्रोश आणि गोरगरिबांचा आक्रोश वेगळे नाहीत. ज्यांनी धूर सर्वांत कमी सोडला त्यांनाच त्याची झळ सर्वांत आधी लागते. चार पाट्या बोंबील सुकवणाऱ्या बाईंनी कोणती हवा तापवली होती?

आणि सगळा दोष दूरच्या देशांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले, गाड्या बंद पडल्या, मिठागराच्या वस्तीतील कुटुंबे पाण्याने वेढली गेली. तेव्हा आपण आभाळाला नावे ठेवली. पण आपल्या पूर्वजांनी गावोगावी बावखले राखली होती. पावसाचे पाणी त्यांत साठायचे, जमिनीत मुरायचे, विहिरी गोड राहायच्या आणि रस्ता तुंबायचा नाही. ती बावखले कोणी बुजवली? त्यांच्यावर मातीचे ट्रक कोणी ओतू दिले? व्यवहार झाला तेव्हा सही करणारे हात कोणाचे होते? पावसाने झोडपले तर दाद कोणाकडे मागायची, असे आपल्याकडे म्हणतात. कधी कधी ती आपल्याच घरात मागावी लागेल.

एकाच पुस्तकात दोन प्रार्थना

आता कोणी विचारील, "फादर, मग आम्ही प्रार्थना तरी कशी करायची? मिठागरवाल्याला ऊन हवे, भात लावणाऱ्याला पाऊस हवा. देवाने ऐकायचे कोणाचे?" प्रश्न खरा आहे. पण पवित्र ख्रिस्तसभेला तो फार पूर्वीपासून माहीत आहे. वेदीवरच्या मिस्साग्रंथात पाऊस पडावा म्हणून एक प्रार्थना आहे, उघडीप मिळावी म्हणून दुसरी आहे आणि वादळ शमावे म्हणून तिसरी आहे. तिन्ही एकाच पुस्तकात, एकामागून एक. ख्रिस्तसभेने त्यांतली एक खरी आणि बाकीच्या खोट्या ठरवल्या नाहीत. ज्याची जी गरज, ती तिने आपली मानली. भात लावणारा मिठागरवाल्यासाठी 'आमेन' म्हणतो आणि मिठागरवाला भात लावणाऱ्यासाठी. म्हणूनच ती प्रार्थना 'माझी' न राहता 'आमची' होते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण 'आमची रोजची भाकर' मागतो, 'माझी' नाही.

पाचव्या शतकात आजच्या फ्रान्समधील व्हिएन नगरीवर एकामागून एक आपत्ती आल्या. तेव्हा तेथील बिशप संत मामर्तूस यांनी लोकांना तीन दिवस उपवास करायला आणि एकत्र चालत प्रार्थना करायला सांगितले. पुढे स्वर्गारोहणाच्या सणाआधी शेतांमधून अशी मिरवणूक काढण्याची प्रथा ख्रिस्तसभेत सर्वत्र पसरली. शेतांवर आशीर्वाद मागताना लोक एकमेकांच्या बांधांवरून चालत जात. आपल्या शेजाऱ्याच्या शेताची काय दशा आहे, हे त्यांना त्या दिवशी पायांनी कळत असे.

आपल्यालाही तसेच चालता येईल. म्हणून येत्या महिन्यापासून आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवतो.

एक, विश्वासूंच्या प्रार्थनेत दर रविवारी एक विनंती हवामानाने ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी राहील. कोणत्या आळीत काय झाले, ते समूहाच्या प्रमुखांनी शनिवारपर्यंत कळवावे. ज्यांची केळी पडली, ज्यांचे भात भिजले, ज्यांची मासळी नासली, तसेच पावसामुळे ज्यांची रोजंदारी बुडाली ते आपल्या वाड्यांत राबणारे आदिवासी बांधवही त्यात यावेत.

दोन, नुसती प्रार्थना करून थांबायचे नाही. सुकी मासळी, सुकेळी, भाजी, फुले विकायला बसलेल्या बायकांशी नुकसानीच्या दिवसांत दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. ज्यांच्या घरात दोन वेळचे आहे, त्यांनी ज्यांचे गेले त्यांच्याकडूनच घ्यावे.

तीन, आपल्या आळीत उरलेल्या बावखलाला हात लावू देऊ नये. जमल्यास पावसाआधी एका रविवारी दुपारी मिळून त्यातील गाळ आणि प्लास्टिक काढावे. आम्हीही फावडे घेऊन येऊ.

बंधू-भगिनींनो, नोहाच्या जलप्रलयानंतर परमेश्वराने अभिवचन दिले की पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन, दिवस आणि रात्र थांबणार नाहीत. त्याने शब्द पाळला आहे. ऋतू अजूनही येतात, फक्त आपण त्यांची वाट बिघडवली आहे. आणि डोंगरावरील प्रवचनात प्रभू सांगतो की पिता आपला सूर्य चांगल्यांवर आणि वाइटांवरही उगवतो आणि पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवरही पाडतो. देव हात आखडता घेत नाही. त्याची लेकरे म्हणवून घ्यायचे तर आपलेही मन आपल्या आळीच्या कुंपणापाशी थांबता कामा नये.

त्या बाई अजूनही रविवारी मिस्सेला येतात. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा बोंबील टांगले. आम्ही आता गारव्याबद्दल आभार मानण्याआधी मागच्या बाकांकडे एकदा पाहतो आणि मनात विचारतो, आज कोणाची होडी दिसत नाही?

हे प्रभो, वाऱ्याला आणि लाटांना आज्ञा करणाऱ्या, आमच्या होडीत तू आहेस याचा आम्हांला विसर पडू देऊ नकोस. ज्यांच्या होड्या आम्हांला अंधारात दिसत नाहीत, त्यांचे ओरडणे आम्हांला ऐकू येऊ दे. ज्यांना पाऊस हवा त्यांना पाऊस दे, ज्यांना ऊन हवे त्यांना ऊन दे, आणि ज्यांचे नुकसान भरून निघणार नाही त्यांना आमचे हात दे. आमेन.